सहा अंडी आणि सोळा घरं

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ मुलखात, उंदरांनी सोडून दिलेल्या बिळांत एक आखूड, जाडसर अजगर राहतो. घाबरला की डोकं मधोमध लपवून अंगाची गच्च गुंडाळी करतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. मूळ रंग काळपट तपकिरी, त्यावर मातकट पिवळे डाग. घाना, टोगो, बेनिन इथून हे अजगर पाळण्यासाठी परदेशी जात राहिले, आणि त्या गर्दीत क्वचित एखादा भलत्याच रंगाचा निघायचा. असा रंग पिल्लांत उतरतो का, हे प्रजनन केल्याशिवाय कळत नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या बॉब क्लार्क यांनी बंदिस्त अवस्थेत पहिली अल्बिनो पिल्लं मिळवली. पुढे असे शेकडो रंगप्रकार तयार झाले. पाळणारे त्यांना मॉर्फ म्हणतात. कोणत्या जोडीतून कोणता मॉर्फ निघेल याचं गणित शाळेत शिकलेल्या मेंडेलच्या वाटाण्यांचंच आहे, फक्त ते नीट लावावं लागतं.

सुरुवात अल्बिनोपासून करू. प्रत्येक अजगराकडे जवळपास प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. काळा-तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन. ते बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम भागवते आणि अजगर अगदी साधा दिसतो. दोन्ही बिघडल्या तर मेलॅनिन बनतच नाही. पण सापाच्या कातडीत पिवळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यांना या बिघाडाची झळ लागत नाही. म्हणून अल्बिनो बॉल पायथन नुसता पांढरा नसतो. जिथे काळं असायचं तिथे पांढरं, आणि डागांच्या जागी झळझळीत पिवळं.

बिघडलेली एकच प्रत असलेल्या साध्या दिसणाऱ्या अजगराला पाळणारे ‘हेट’ म्हणतात. दोन हेट एकत्र आले, तर प्रत्येक अंड्यासाठी चार शक्यता सारख्याच वजनाच्या असतात: दोन्ही प्रती चांगल्या, आईची बिघडलेली, बापाची बिघडलेली, दोन्ही बिघडलेल्या. चारांत एक अल्बिनो. उरलेल्या तीन शक्यतांतली पिल्लं दिसायला सारखी, पण त्यांतल्या दोन हेट. बाजारात ‘६६ टक्के हेट’ अशी पिल्लं विकली जातात, ती हीच. त्या पिल्लाच्या अंगात ६६ टक्के अल्बिनोपण नसतं. ते एकतर हेट असतं किंवा नसतं. टक्केवारी आपल्या अंदाजाची आहे.

तो अंदाज पक्का करण्याची रीत मला या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. संशयित हेटची जोडी अल्बिनोशी लावायची. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं, तरी प्रश्न तिथेच संपला. तो हेट असेल, तर प्रत्येक अंड्यात अल्बिनोची शक्यता निम्मी असते. सहा अंड्यांतून सहाही पिल्लं साधी निघाली, तर हेट असूनही असं घडण्याची शक्यता चौसष्टात एक. आधीचे ६६ टक्के हिशोबात धरले, तर तो हेट असण्याची शक्यता आता सुमारे तीन टक्के राहते. शून्य मात्र होत नाही, आणि प्रामाणिक विक्रेता ते सांगतो.

सगळे मॉर्फ असे दडून राहत नाहीत. पेस्टलची एकच प्रत असली तरी अजगर उजळ, पिवळसर दिसतो. दोन असल्या तर आणखी उजळ, त्याला सुपर पेस्टल म्हणतात. पुस्तकी भाषेत हे अपूर्ण प्रभावित्व. पेस्टल आणि पेस्टलच्या जोडीत दर अंड्यामागे सुपरची शक्यता पाव, पेस्टलची निम्मी, साध्याची पाव. इथे कुणी लपून राहत नाही, म्हणून सोपं.

आता दोन जनुकं एकत्र घेऊ. पायबॉल्ड, म्हणजे पाइड, या मॉर्फच्या अंगावर शुभ्र पांढरे पट्टे असतात. तिथे रंगपेशीच नसतात. तोही अल्बिनोसारखाच अप्रभावी, म्हणजे दिसायला दोन प्रती लागणारा. अल्बिनो आणि पाइड यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं साधी दिसतात, पण दोन्हींची हेट असतात. अशा दुहेरी हेटची आपसात जोडी लावली की पनेटच्या चौकटीत, म्हणजे आई-बापाच्या प्रतींच्या तक्त्यात, सोळा घरं होतात. त्यांतल्या एकाच घरात अल्बिनो पाइड बसतो: पांढऱ्या अंगावर पिवळे तुकडे. चौकट काढायचा कंटाळा असेल तर प्रत्येक जनुकाचा अपूर्णांक वेगळा काढून गुणाकार करा. पाव गुणिले पाव, सोळांश.

इथे नवशिके फसतात. सोळात एक म्हणजे सोळा अंड्यांत एक नक्की, असं नाही. नाणं उडवताना आधीचे छाप-काटे पुढच्या फेकीला आठवत नाहीत, तसंच प्रत्येक अंडं नव्याने ठरतं. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते. सहांत निदान एक अल्बिनो पाइड निघण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. दोन वेळच्या बारा अंड्यांत ५४ टक्के. ९५ टक्के खात्री हवी, तर ४७ अंडी, म्हणजे जवळपास आठ वेळची वीण.

आणि वीण झटपट होत नाही. मादी दीड किलोच्या आसपास भरेपर्यंत तिला नराजवळ सोडू नये. त्याला बहुधा तीन वर्षं लागतात. ती फार तर वर्षातून एकदा अंडी घालते, एखादं वर्ष सोडूनही देते. अंडी घालण्याच्या महिनाभर आधी ती कात टाकते, ती खूण ओळखता आली पाहिजे. मादी स्वतः अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. यंत्रात उबवायची तर ३१-३२ अंश सेल्सिअस आणि भरपूर ओलावा लागतो, आणि अंडं उचलताना फिरवायचं नाही, कारण गर्भ एका बाजूला चिकटलेला असतो. साधारण ५५ ते ६० दिवसांनी पिल्लू कवच चिरून तोंड बाहेर काढतं. म्हणूनच जोडी लावण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. दोन दुहेरी हेटऐवजी एका बाजूला पाइड-हेट अल्बिनो मिळाला, तर सोळांश थेट अष्टमांश होतो. वर्षं वाचतात, आणि मादीचं शरीरही कमी झिजतं.

नावांवर मात्र भरवसा ठेवू नका. अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो, दोन्हींत मेलॅनिनचाच घोटाळा. पण त्यांची जोडी लावली की सगळी पिल्लं साधी निघतात! कारण बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहे. एकाची उणीव दुसऱ्याची चांगली प्रत भरून काढते. उलट मोहावे आणि लेसर ही नावं वेगळी, दिसणंही वेगळं, पण दोन्ही एकाच जनुकाच्या बदललेल्या प्रती. दोघांची जोडी लावली तर पावभर शक्यतेने एक मोहावे आणि एक लेसर अशा दोन प्रती एकत्र येतात आणि निळ्या डोळ्यांचा पांढराशुभ्र अजगर जन्मतो. रंग बघून नातं ठरवता येत नाही. ते ठरतं पिल्लांवरून.

बनाना या पिवळ्या मॉर्फने तर पाळणाऱ्यांना बरीच वर्षं बुचकळ्यात टाकलं. काही नरांची बनाना पिल्लं बहुतेक नर निघत, काहींची बहुतेक माद्या. उत्तर २०१७ साली नीट हाती आलं: अजगरांतही माणसांसारखीच एक्स-वाय गुणसूत्रं असल्याचं संशोधकांनी दाखवलं. बनानाचं जनुक या लिंगगुणसूत्रांवर बसतं. नराला ते आईकडून मिळालं असेल, तर ते त्याच्या एक्सवर आहे, आणि एक्स जातं मुलींकडे. त्याची बनाना पिल्लं मुख्यतः माद्या. बापाच्या वायवरून आलं असेल, तर मुख्यतः नर. ‘मुख्यतः’ अशासाठी की या गुणसूत्रांत कधी कधी तुकड्यांची अदलाबदल होते. म्हणजे बनाना नर घेताना त्याची आई बनाना होती की बाप, हे विचारलंच पाहिजे.

आता स्पायडर. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी, एकच प्रत पुरेशी, गणित सगळ्यात सोपं. पण या मॉर्फमध्ये डोकं डुलणं, कलंडणं, भक्ष्यावरचा नेम चुकणं ही लक्षणं नक्षीबरोबरच येतात, कुणात कमी, कुणात खूप. २०२२ साली जर्मन संशोधकांनी सूक्ष्म क्ष-किरण तपासणीतून दाखवलं की या अजगरांच्या आतल्या कानातली तोल सांभाळणारी रचनाच बिघडलेली असते. वर्षानुवर्षं निवडक प्रजनन करूनही नक्षी आणि तोल यांची फारकत झालेली नाही. माझं मत स्पष्ट आहे: स्पायडरची जोडी लावूच नये. तोल नसलेलं जनावर सुंदर म्हणून जन्माला घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. सिनॅमन नावाच्या मॉर्फच्या दोन प्रती असलेल्या, म्हणजे सुपर सिनॅमन, पिल्लांत चपटं तोंड आणि वाकडा कणा दिसतो. तीही जोडी मी टाळण्याच्याच यादीत धरतो.

भारतात हे अजगर मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर सामानात कोंबलेले सापडत आले आहेत. बॉल पायथन वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने तो पाळायचा तर नोंदणी लागते. आपला भारतीय अजगर तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेतात सापडलेला पांढरा अजगर ‘मॉर्फ’ म्हणून घरी ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावं.

हेट ओळखण्यासाठी आता दर वेळी सहा अंड्यांची वाट पाहावी लागत नाही. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पाळणाऱ्यांकडून टपालाने कात मागवली आणि २०२२ साली अल्बिनो, लॅव्हेंडर अल्बिनो आणि अल्ट्रामेल नावाचा आणखी एक मॉर्फ, या तिन्हींमागची जनुकं शोधली. पुढच्या वर्षी पाइडचंही जनुक सापडलं. अशा माहीत झालेल्या जनुकांची तपासणी कातेवरून होऊ शकते. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात पहिली कात टाकतं. ती कोरडी करून, नाव-तारीख लिहून पाठवली, की ते ६६ टक्के एकतर शंभर होतात, नाहीतर शून्य.