उबिरची वाट

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस काकाडू राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील उबिर या खडकाळ टेकडीची फेरी जेमतेम एक किलोमीटरची. माथ्याकडे जाणारी 250 मीटरची वाट तेवढी चढाची. रूट मार्चची सवय असलेल्या छात्राला ती किरकोळ वाटेल, पण ही वाट झपाझप चालायची नाही.

वाटेवरच्या कपारींत तेथील मूळ रहिवासी बिनिंज लोकांनी काढलेली चित्रे आहेत. बारामुंडी मासा कण्यासह, आतल्या अवयवांसह दिसतो. या पद्धतीला ‘क्ष-किरण शैली’ म्हणतात. उंच कड्यावर थायलसिन हा पट्टेदार प्राणी आहे. मुख्य भूमीवरून तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला. चित्र निदान तितके जुने असणार. खिशात हात घातलेला गोरा माणूसही तेथेच आहे.

माबुयूचे चित्र मात्र थांबून पाहावे. त्याचे मासे चोरीला गेले. चोर ते खाऊन गुहेत झोपले, तेव्हा त्याने गुहेचे तोंड मोठ्या शिळेने बंद केले. चोरी करू नये म्हणून मुलांना ही कथा सांगतात. तेव्हा या भिंतींना नुसते संग्रहालय समजू नये.

रंग गेरूचे आणि पांढऱ्या मातीचे. पावसाचे ओघळ वळवण्यासाठी खडकावर सिलिकॉनची बारीक कड लावतात. बोटांचा तेलकटपणा ती अडवू शकत नाही. म्हणून कठड्याबाहेरूनच पाहायचे.

माथ्यावरून नदाबचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश दिसतो. सूर्यास्ताला तेथे गर्दी होते. तेथला पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. तेव्हा ओढ्यांना पूर येऊन रस्ताच बंद होतो.