प्लांट बंद, पंप सुरू : सही करण्याआधी हिशेब करा

मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली. या पट्ट्यात मोठ्या सोसायट्या झाल्या आणि त्यांच्या खाली दुकानांच्या रांगा लागल्या. कपडा, शिलाई, ड्रायक्लीन, फर्निचर, खाणावळ अशा नाना धंद्यांचे गाळे तिथे आहेत. २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यात सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटची अट सहसा असतेच. असे अनेक प्लांट आता जुने होत आहेत. हवा सोडणारे ब्लोअर थकतात, टाक्या गळतात, देखभालीचा खर्च वाढत जातो. मग सभेत ठराव येतो, ‘प्लांट बंद करू, पंप बसवू आणि मैलापाणी महापालिकेच्या वाहिनीत सोडून मोकळे होऊ.’ वर्गणी गाळेधारकालाही द्यावी लागते. म्हणून व्यापारी बंधूंनी हा सौदा नीट समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

पहिली गोष्ट, पंप पाणी साफ करीत नाही. तो माल फक्त पुढच्या गोदामात पोहोचवितो. खोल विहिरीसारख्या टाकीत पाणी जमा होते, जाळीत कचरा अडतो आणि पाणी ठराविक पातळीवर आले की पंप ते दाबाच्या नळाने वर ढकलतो. साफ करण्याचे काम वाहिनीच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्राचे. तेव्हा त्या केंद्रात जागा आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. पुण्यातील ९० दशलक्ष लिटरचे जुने नायडू केंद्र बंद झाल्यावर शहराची दररोजची शुद्धीकरण क्षमता ४७७ दशलक्ष लिटरवर आली. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रे आणि ३९६ दशलक्ष लिटरची वाढ ठरली. त्या कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला, पण कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. वाहिनी दारात आली म्हणजे पुढे सोय झालीच, असे समजू नये.

आता खर्च पाहू. २०० घरांची, हजार माणसांची सोसायटी धरा. माणशी १३५ लिटर पाणी धरले आणि त्याचा ८० टक्के भाग सांडपाणी झाला, तर रोज एक लाख आठ हजार लिटर होते. एवढे पाणी २० मीटर वर चढवायला साधारण १० ते १२ युनिट वीज पुरते. तेच पाणी शुद्ध करायला लहान प्लांट सहज ५० ते १०० युनिट खातो. म्हणजे पंप स्वस्त, यात शंका नाही. पण वहीचे दुसरे पानही उलटावे. १३५ लिटरमध्ये संडासच्या फ्लशला ४५ लिटर धरतात. हजार माणसांचे झाले ४५ हजार लिटर. प्लांटचे पाणी फ्लशला वापरले जात असेल, तर तो बंद होताच दहा हजार लिटरचे साडेचार टँकर रोज जास्त लागतील. वाचलेल्या विजेचे पैसे टँकरवाल्याच्या खिशात गेले, तर कमावले काय?

तिसरी बाब पावसाची आणि विजेची. ताम्हिणीकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. गच्चीचे पाणी मैलापाण्याच्या टाकीत जोडलेले असेल, तर कोणताही पंप कमी पडेल. वीज गेली आणि जनरेटर नसला, की टाकी भरून घाण आधी तळमजल्यावर येणार. तळमजल्यावर दुकाने असतात आणि कापडाचा गठ्ठा एकदा त्या पाण्यात भिजला की तो विकता येत नाही. म्हणून दुसरा राखीव पंप, जनरेटर आणि पातळी वाढताच वाजणारी घंटा या तिन्ही गोष्टी ठरावात लेखी हव्यात.

त्या टाकीत विषारी वायू साठतो. सुरक्षेच्या साधनांविना तिथे माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविले. पैशाची बाब राहू द्या, एका गरिबाचा जीव जातो. सफाई यंत्रानेच करून घ्यावी.

रंगारी आणि छपाईवाल्या कारागिरांना एक सांगणे आहे. रंगाचे आणि मिठाचे पाणी या वाहिनीत सोडू नये. शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मैला खातात, पण मीठ काढीत नाहीत आणि पक्का रंगही पुरता काढू शकत नाहीत. तामिळनाडूतील तिरुपूरला मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे सर्व कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. त्या एका हुकुमाने होजिअरीच्या त्या मोठ्या बाजाराचा श्वास अडकला. नदीचे देणे असे एकदम वसूल होते.

आपल्याकडे खाटपेवाडीजवळ उगम पावलेली राम नदी भूगाव, बावधन, पाषाण करीत औंधजवळ मुळेला मिळते. मुळेचे पाणी पुढे मुठेला, मग भीमेला आणि शेवटी उजनी धरणात जाते. सोलापूर शहराला पाणी उजनीचे. ज्या सोलापुरी चादरी आणि टॉवेल आपण दुकानात विकतो, ते विणणारा माणूस तेच पाणी पितो.

तेव्हा पंपाला विरोध नाही. नादुरुस्त प्लांट नावापुरता ठेवण्यापेक्षा चांगला पंप केव्हाही बरा. मात्र महापालिकेची जोडणीची लेखी परवानगी घ्यावी, पर्यावरण मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडून मंजुरीच्या अटी बदलून घ्याव्यात, दुसऱ्या टोकाचे केंद्र चालू असल्याची खात्री करावी आणि पंपाची पावसाळ्यात चाचणी झाल्याखेरीज जुना प्लांट मोडू नये. माल पोहोचल्याची पावती हाती आल्याशिवाय आपण खाते बंद करीत नाही. इथेही तोच नियम लावावा.