बटण आणि पडदा

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात जाणते गिऱ्हाईक नुसता रंग नि उंची पाहून सौदा करीत नाही. ते स्वार होते, लगाम ओढते आणि जनावर किती चटकन वळते ते बघते. भरधाव घोडा सेकंदाला पंधरा मीटर जात असेल, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची दिरंगाई म्हणजे दीड मीटर जमीन गेली!

व्हिडिओ गेमचेही तसेच आहे. मुलगा वेळेवर बटण दाबतो, पण पडद्यावरची मोटार उशिरा वळते नि खड्ड्यात जाते. घरातले म्हणतात, याचा हात जड. हात जड की पडदा जड, हे आधी पाहायला हवे.

बटणाचा संदेश यंत्राकडे जातो, यंत्र नवे चित्र तयार करते आणि टीव्ही ते दाखवतो. सेकंदाला साठ चित्रे धरली, तर एका चित्राला सेकंदाचे सुमारे सतरा सहस्रांश मिळतात. इथवर फारसे बिघडत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत संदेश येईल तसतसा किरण ओळीमागून ओळ काढीत जाई. रेंगाळायला जागाच नव्हती. आजचा चपटा टीव्ही आलेले चित्र आधी साठवतो, रंग उजळतो, कडा रेखीव करतो. काही टीव्ही तर दोन चित्रांच्या मध्ये पदरचे तिसरे घालतात, आणि त्यासाठी पुढचे चित्र येईपर्यंत त्यांना थांबावेच लागते. या साजशृंगारात सेकंदाचा दहावा हिस्सा सहज खर्ची पडू शकतो. मोबाइलचे चित्र बिनतारी टीव्हीवर आणले, तर उशीर आणखी वाढतो. कारण ते आधी आवळायचे, मग पाठवायचे, मग उलगडायचे.

मग सिनेमा पाहताना हे का जाणवत नाही? कारण तिथे आपला हात गुंतलेला नसतो. क्रिकेटचा सामना उपग्रहावरून येतो, म्हणजे छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली. पाव सेकंद त्या वाटेतच जातो. तरी चौकाराची मजा काही कमी होत नाही! खेळणाराचे मन मात्र बोट नि डोळा यांचा मेळ सतत घालत असते. उशीर कायम सारखा असला, तर सरावाने तो बटण थोडे आधी दाबू लागतो. उशीर कमीजास्त होऊ लागला, की तोही उपाय खुंटतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट केवळ करमणुकीची नाही. शाळेतल्या मोठ्या पडद्यावर ‘आधी बटण दाबील त्याला गुण’ असे खेळ घेतले जातात. दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यात पडद्याने दहावा हिस्सा घातला आणि शेजारच्या पडद्याने घातला नाही, तर हुशार पोरगे मंद ठरते.

पडताळा सोपा आहे. पुष्कळ मोबाइलचा कॅमेरा संथगतीसाठी सेकंदाला २४० चित्रे टिपतो. अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा तो धरावा. बटण दबल्यापासून पडदा हलेपर्यंतची चित्रे मोजावीत. चोवीस भरली, तर सेकंदाचा दहावा हिस्सा गेला. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो लावून पुन्हा मोजावे. आकडा घटला, तर तेवढा उशीर टीव्हीच्या साजशृंगाराचा होता, मुलाच्या बोटांचा नव्हे.