एक रेकॉर्डिंग, तीन पडदे

ढीगभर व्हिडिओ वेगवेगळ्या उपकरणांसाठी एका दमात कसे बदलायचे, ते आज पाहू. मी रायपूरहून बोलतोय. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्याही राज्याची राजधानी होती. आजही इथल्या कितीतरी मराठी घरांचं निम्मं गणगोत नागपूर-पुण्याकडे आहे. मुंजीचं किंवा गणेशोत्सवातल्या नाटकाचं जुनं रेकॉर्डिंग सगळ्यांनाच हवं असतं. पण मावशी फोनवर बघणार, काका टीव्हीला पेनड्राइव्ह लावणार आणि आजोबांकडे अजून डीव्हीडी प्लेअर!

एकच फाइल तिन्हीकडे का चालत नाही? व्हिडिओ फाइल म्हणजे जेवणाचा डबा समजा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे डबे. आतला पदार्थ म्हणजे कोडेक, चित्र आणि आवाज दाबून बसवण्याची पद्धत. पदार्थ चालणारा असेल आणि फक्त डबा चुकीचा असेल, तर डबाच बदला. ते काम झटकन होतं आणि चित्राचा दर्जाही तसाच राहतो. पदार्थच चालत नसेल, तरच पुन्हा स्वयंपाक, म्हणजे एन्कोडिंग.

आता तीन कृती ठरवू. फोनसाठी एमपी४ डब्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. सेकंदाला सुमारे ९०० किलोबिट धरले, तर तासाला साधारण ४०० एमबी होतात. टीव्हीसाठीही एच.२६४च, पण जास्त बिटरेटने. २०१३ साली आलेलं एच.२६५ जागा बरीच वाचवतं, पण अनेक जुन्या टीव्हींना ते वाचता येत नाही. शिवाय पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. डीव्हीडी प्लेअरला लागतं एमपेग-२, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आकाराचं.

मिनीडीव्ही टेपवरून घेतलेल्या चित्रात कोणी हलताना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. फोनच्या आणि टीव्हीच्या प्रतींसाठी डीइंटरलेस करा, रेघा जातात.

आता हे सगळं आपोआप कसं करायचं? फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कमांडची भीती वाटत असेल, तर फोन आणि टीव्हीच्या प्रतींसाठी हँडब्रेक वापरा. त्यात प्रीसेट निवडून फाइली रांगेत लावता येतात. एफएफएमपेगसाठी मात्र एक छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. तिने ‘मूळ’ फोल्डरमधली एकेक फाइल उचलायची, तिन्ही कृती चालवायच्या आणि प्रती तीन वेगळ्या फोल्डरांत ठेवायच्या.

त्यात दोन नियम घालाच. पहिला, प्रत तयार होत असताना तिला तात्पुरतं नाव द्या आणि काम पूर्ण झाल्यावरच खरं नाव. मग मध्येच वीज गेली, तरी अर्धवट फाइल पूर्ण समजली जात नाही. पुन्हा सुरू केल्यावर स्क्रिप्ट झालेल्या फाइली सोडून पुढे जाते. दुसरा, शेवटी मूळ फाइल आणि प्रत यांची लांबी ताडून बघायची. फरक दिसला, की त्या फाइलचं नाव यादीत लिहायचं.

रात्री काम लावून झोपा. पण त्याआधी एक मिनिटाचा तुकडा करून खऱ्या फोनवर, खऱ्या टीव्हीवर आणि खऱ्या प्लेअरवर चालवून बघा. शंभर फाइली झाल्यावर आवाज येत नाही असं कळलं, तर सगळी रात्र वाया.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रती झाल्या म्हणून मूळ फाइल पुसू नका. मिनीडीव्हीची तासाभराची मूळ फाइल सुमारे १३ जीबीची असते, त्यामुळे डिस्क भरली की हात तिकडेच वळतो. पण पुन्हा एन्कोड करताना दर वेळी चित्रातलं काहीतरी गळतं आणि गळलेलं परत येत नाही. टेप जुन्या होत चालल्यात, त्या चालवणारे कॅमेरेही सहज मिळत नाहीत. उद्या नवं उपकरण आलं, तर चौथी कृती लिहायची आणि प्रत मूळ फाइलवरूनच काढायची. म्हणून मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि जमलं तर त्यातली एक डिस्क दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.