छपराचा उजेडाचा पत्रा गळतो तेव्हा

भिवंडीत लूमच्या कारखान्यांच्या व गोदामांच्या छपरात उजेडासाठी मधूनमधून फायबरचा पत्रा बसवतात. विजेची बचत होते. पण गळतीही बहुधा तेथूनच सुरू होते. 2019 च्या पावसाळ्यात आमच्या गोदामात असेच पाणी शिरून ग्रे कापडाचे तागे भिजले. सुताला खळ असल्याने बुरशी लवकर धरली. माल दुसऱ्याचा, आमच्याकडे अमानत होता. भरपाई आम्ही दिली.

दोष पावसाचा नव्हे, आमचा होता. दरवर्षी वरून डांबर फासून आम्ही काम उरकत होतो. उन्हाने पत्रे पसरतात, रात्री आकसतात. फायबर आणि लोखंड सारखे पसरत नाहीत, म्हणून डांबराला भेगा पडतात.

पाणी अँगलवरून वाहत भलतीकडे टपकते. म्हणून एकाने पाइपने उताराच्या खालच्या टोकापासून वर पाणी सोडत जावे, दुसऱ्याने आतून पाहावे. बोल्टचे वाळलेले वॉशर बदलावेत. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगटात नको. वरचा पत्रा खालच्यावर निदान 6 इंच चढवून सांध्यात ब्युटाइलची पट्टी घालावी. सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे. त्याने जस्ताचा पत्रा गंजतो.

एक ताकीद: जुना फायबर ठिसूळ होतो. कारागिराला त्यावर पाय ठेवू देऊ नका. फळी आणि कमरेला दोर द्या. माल भरून देता येतो, माणूस नाही.

व्यापारी बंधूंनी हे काम मे महिन्यातच उरकावे. अमानतीची राखण छपरापासून सुरू होते.