श्वानप्रदर्शनातील आचारधर्म

श्वानप्रदर्शनास हौसेने जाणाऱ्या सामान्य प्रेक्षकाची दृष्टी साहजिकच कुत्र्यांवर खिळलेली असते. परंतु रिंगणात प्रत्येक कुत्र्याबरोबर एक मनुष्यही उतरलेला असतो, आणि कुत्र्याच्या ठेवणीची, चालीची व स्वभावाची परीक्षा चालू असताना त्या मनुष्याच्या वर्तनासही नियमांचे सविस्तर बंधन असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. या नियमांच्या मुळाशी दोन प्रेरणा आहेत : प्रतिस्पर्ध्यास न्याय मिळावा ही एक, आणि कुत्र्यास यातना होऊ नयेत ही दुसरी. इतिहासात पहिली आधी जागी झाली व दुसरी मागाहून. योग्यतेच्या क्रमात मात्र दुसरीलाच अग्रस्थान दिले पाहिजे, असे माझे मत आहे.

संघटित श्वानप्रदर्शनांचा आरंभ इंग्लंडात न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये झाला, असे मानतात. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जातींसाठी भरलेल्या त्या प्रदर्शनात विजेत्यांना बंदुका इनाम मिळाल्या. परंतु पॉइंटरांच्या एका परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला आला आणि सेटरांच्या एका परीक्षकाचा पॉइंटरांत, अशी त्या निकालाची नोंद आहे. त्यात लबाडी झाली असेलच असे नव्हे. पण जेथे परीक्षक आणि स्पर्धक यांच्यातील सीमा इतकी पुसट आहे, तेथे प्रामाणिक निवाड्यावरही संशयाची छाया पडणार, हे उघड होते. शिवाय एकाच नावाचे कुत्रे इतके असत की, एकाचा विजय दुसऱ्याच्या नावे सहज खपून जाई. म्हणूनच एस. ई. शर्ली यांच्या पुढाकाराने १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, पुढील वर्षी त्याने वंशावळीचे पहिले दप्तर प्रसिद्ध केले, आणि १८८० पासून कुत्र्यांची रीतसर नोंदणी सुरू झाली.

न्यायाच्या या चिंतेतूनच आजचे पुष्कळसे नियम आले आहेत. कुत्र्याला रिंगणात फिरवणाऱ्या मनुष्याच्या, म्हणजे हँडलरच्या, दंडावर केवळ क्रमांक असतो. कुत्र्याचे नाव, मालक वा मागील पारितोषिके परीक्षकास कळवू नयेत, असा संकेत आहे, आणि परीक्षकानेही काम संपेपर्यंत प्रदर्शनाची सूची पाहू नये, अशी अपेक्षा असते. रिंगणाबाहेर उभे राहून शीळ घालणे, खेळणे वाजवणे किंवा कुत्र्याच्या ओळखीच्या माणसाने त्याला साद घालून त्याचे कान टवकारून घेणे यास ‘डबल हँडलिंग’ म्हणतात आणि त्यास मनाई आहे. आपला कुत्रा पुढच्याच्या अंगावर जाईल इतका जवळ धाववू नये, परीक्षकाची दृष्टी अडवू नये, आमिषाचे तुकडे जमिनीवर टाकून मागून येणाऱ्या कुत्र्याचे चित्त विचलित करू नये, ही त्याच न्यायाची सूक्ष्म रूपे होत. निकालाविषयी भर रिंगणात हुज्जत घालण्याची मुभा कोणासही नाही. नियमभंगाची तक्रार असेल तर ती मुदतीत, लेखी आणि अनामत रकमेसह प्रदर्शनाच्या चिटणीसांकडे गुदरावी लागते.

दयेची प्रेरणा सावकाश रुजली. कान कापून टोकदार केलेल्या कुत्र्यांना इंग्लंडच्या केनेल क्लबने १८९८ साली स्पर्धेतून वगळले. पुढे २००७ पासून, ठरावीक तारखेनंतर शेपूट छाटलेल्या कुत्र्यास, प्रेक्षकांकडून प्रवेशशुल्क घेणाऱ्या प्रदर्शनात इंग्लंडमध्ये कायद्यानेच सामान्यतः मज्जाव झाला. एफ. सी. आय. या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम तर सज्जतेच्या मेजापर्यंत पोहोचतात : केसांची, कातडीची किंवा नाकाची मूळ स्थिती बदलणारा पदार्थ वापरू नये, आणि तयारीस लागेल त्यापेक्षा अधिक वेळ कुत्र्यास मेजावर बांधून ठेवू नये. २०१२ साली क्रफ्ट्स या विख्यात प्रदर्शनात ठरावीक १५ जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यकीय तपासणी सुरू झाली, तेव्हा सहा जातींचे विजेते तीत नापास होऊन पुढील फेरीस मुकले. २०१५ साली त्याच प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ ठरलेल्या स्कॉटिश टेरियरला मान व शेपटी धरून उचलल्याचे दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले, आणि त्याच्या निषेधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. व्यवसायात रूढ झालेली पकडसुद्धा लोकांच्या विवेकास असह्य होऊ शकते, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था आपली स्थापना १८९६ सालची मानते. तिचे मुख्य कार्यालय चेन्नईस आहे. महाराष्ट्रातील वाचकाला या आचारधर्माचे मर्म उमजण्यास आपल्याच मातीतला कारवानी कुत्रा पुरेसा आहे. शेजारच्या कर्नाटकात मुधोळ या नावाने ख्यातनाम झालेला, २००५ साली भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर झळकलेला हा सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रा स्वभावाने अलिप्त आहे. अपरिचिताचा स्पर्श त्यास रुचत नाही. प्रदर्शनात तर अपरिचित परीक्षक त्याचे ओठ वर करून दात पाहणार, बरगड्यांवरून, पाठीवरून हात फिरवणार. अशा वेळी दोनच मार्ग असतात. पिल्लूपणापासून निरनिराळ्या माणसांच्या सौम्य स्पर्शाची सवय लावून, महिनोन्‌महिने धीर धरून त्याचा विश्वास संपादणे हा एक. आणि ऐन वेळी गळ्याची लीड आवळून, जबरीने त्यास स्थिर उभे करणे हा दुसरा. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही कुत्रे सारखेच निश्चल भासतील. पण एकाची निश्चलता विश्वासाची असते आणि दुसऱ्याची दहशतीची, आणि अनुभवी परीक्षकाच्या हाताखाली हा भेद लपत नाही.

येथेच दयेस न्यायाहून वरचे स्थान का द्यावे, हे स्पष्ट होते. ज्या प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होतो, त्यास तोंड आहे, लेखणी आहे, अनामत भरून दाद मागण्याचा हक्क आहे. कुत्र्याला यातले काहीच नाही. प्रवेशअर्जावर त्याने सही केलेली नसते आणि फितीचे मोलही त्यास ठाऊक नसते. शिवाय रिंगणात परीक्षक असतो, प्रेक्षक असतात. परंतु तंबूमागे, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, पराभवानंतरच्या परतीच्या प्रवासात कोणीही साक्षीदार नसतो, आणि कुत्र्याचे खरे हाल बहुधा तेथेच होतात. नियमपुस्तिकेचा अंमल तेथे चालत नाही. तेथे केवळ संस्कार चालतो.

म्हणून प्रदर्शने भरवणाऱ्या संस्थांनी नवोदित हँडलरांना कुत्रा उभा कसा करावा, धाववावा कसा, हे शिकवण्याआधी तो थकला, भ्याला किंवा तहानलेला आहे हे ओळखण्यास शिकवावे, आणि अशा कुत्र्यास विजय दृष्टिपथात असतानाही रिंगणाबाहेर नेणाऱ्या प्रदर्शकाचा जाहीर सन्मान करण्याची प्रथा पाडावी. विजयी स्पर्धकाचे मोकळ्या मनाने अभिनंदन करणारा आणि हरलेल्या आपल्या कुत्र्यास त्याच ममतेने थोपटणारा मनुष्य घडवता आला, तरच या प्रदर्शनांना श्वानप्रेमाचे प्रदर्शन म्हणण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल.