रेषेबाहेर पाऊल पडलं, तर शिट्टी वाजणारच का? 🏀

अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉल सामन्यांत हमखास दिसणारा प्रकार: बचावपटूला चुकवण्यासाठी एखादी खेळाडू बेसलाइनबाहेरून धावते आणि पलीकडून पुन्हा मैदानात येते. पूर्वी अशा विनाकारण बाहेर जाण्यालाच नियमभंग मानायचे. तिथल्या शालेय खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनएफएचएस या संस्थेने २०२३-२४ च्या हंगामापासून हे बदललं.

आता पंच काय बघतात?

🔹 स्वतःहून बाहेर गेलेल्या खेळाडूने परत आल्यावर चेंडूला सर्वांत आधी हात लावला, तर नियमभंग. चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे.

🔹 दुसरा नियमभंग टाळण्यासाठी बाहेर पळ काढला, उदा. बास्केटखालच्या पट्ट्यात तीन सेकंद भरत आले म्हणून, तर चेंडूला हात न लावताही नियमभंग.

🔹 चेंडू अडवताना तोल किंवा वेगामुळे बाहेर गेलात, तर माफ.

🔹 ड्रिबल करणाऱ्याचं पाऊल रेषेवर पडलं, तर त्या क्षणी चेंडू हातात नसला तरी नियमभंगच.

🔹 थ्रो-इन करून मुद्दाम बाहेरच रेंगाळायचं आणि प्रतिस्पर्धी गाफील दिसले की आत घुसायचं? ही लबाडी थेट टेक्निकल फाऊल!

म्हणून पंचांची खरी कसोटी चेंडूपासून दूर लागते. कोण बाहेर गेलं, का गेलं आणि परत आल्यावर काय केलं, हे तिन्ही लक्षात ठेवावं लागतं. पुढचा सामना बघताना थोडा वेळ चेंडू सोडून बेसलाइनकडे बघा, मजा येईल!